आहोक: कथिलाच्या बेटावरचा इंजिनिअर ते जकार्ताचा गव्हर्नर – वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आहोक हे नाव आपल्याकडे बहुतेकांनी एकदाच ऐकलंय, 2017 च्या मे महिन्यात. "जकार्ताच्या ख्रिश्चन गव्हर्नरला धर्मनिंदेबद्दल तुरुंगवास" अशी ती बातमी होती. पण त्या बातमीच्या मागे जवळजवळ तीस वर्षांची वाटचाल आहे. खाणीच्या गावातला एक मुलगा भूगर्भशास्त्राचा इंजिनिअर होतो, कंत्राटदार होतो, कारखाना काढतो, तो बुडतो, आणि मग हा माणूस सरकारी हिशेबाच्या वह्या उघडायच्या म्हणून राजकारणात शिरतो. शहराचा कारभार हा ज्यांच्या जिव्हाळ्याचा विषय आहे त्यांनी ही वाटचाल नीट समजून घ्यावी असं मला मनापासून वाटतं, म्हणून हे सविस्तर लिहितोय.

आहोक हे खरं नाव आहे का?

नाही, ते घरचं नाव. पूर्ण नाव बासुकी चाहाया पुर्नामा. शेवटचे दोन शब्द आपल्याला परके नाहीत. चाहाया म्हणजे प्रकाश, मूळ संस्कृत 'छाया' (तेज या अर्थाने), आणि पुर्नामा म्हणजे आपली पौर्णिमा. 29 जून 1966 रोजी इंडोनेशियातल्या बेलितुंग बेटाच्या पूर्व भागात त्यांचा जन्म झाला. घराणं हक्का चिनी. वडील त्यांना 'बानहोक' म्हणत. 'बान' म्हणजे दहा हजार आणि 'होक' म्हणजे शिकणं, थोडक्यात सगळ्या विषयांत शिकून मोठा हो, हा आशीर्वाद. बानहोकचा पुढे आहोक झाला.

चिनी वंशाच्या मुलाचं नाव इंडोनेशियन का, असंही विचारलं जातं. 1966 नंतर लष्करशहा सुहार्तोंच्या राजवटीने चिनी वंशाच्या नागरिकांना इंडोनेशियन नावं घ्यायला लावली. चिनी शाळा बंद झाल्या, चिनी सण उघडपणे साजरे करायला बंदी आली. ती बंदी राष्ट्राध्यक्ष अब्दुर्रहमान वाहिद यांनी 2000 साली उठवली. म्हणजे आहोक यांचं बालपण, शिक्षण आणि धंदा हे सगळं 'आपण या देशाचे पूर्ण नागरिक आहोत का' या प्रश्नाच्या सावलीत गेलं. पुढचं बरंच काही त्याशिवाय कळत नाही.

गव्हर्नर म्हणजे राज्यपाल ना? मग निवडणूक कसली?

हा घोळ हमखास होतो. इंडोनेशियात गव्हर्नर म्हणजे प्रांताचा निवडून आलेला प्रमुख, आपल्या मुख्यमंत्र्याच्या जवळ जाणारा. त्याखाली जिल्ह्याचा प्रमुख 'बुपाती' आणि शहराचा 'वालिकोता'. बुपाती हा शब्द थेट आपला 'भूपती'. आपल्याकडे जिल्हाधिकारी परीक्षा देऊन येतो, तिथे जून 2005 पासून बुपातीला लोक थेट मत देऊन निवडतात. त्याआधी स्थानिक विधिमंडळं ही निवड करायची आणि तिथे पैशाचा खेळ चालायचा.

जकार्ता आणखी वेगळं. हे शहर स्वतःच प्रांताच्या दर्जाचं आहे. त्याच्या पाच विभागांचे महापौर गव्हर्नर नेमतो, ते निवडून येत नाहीत. त्यामुळे नाले, बस, शाळा, दवाखाने, झोपडपट्टी, जमिनीचे परवाने असं सगळं एकाच टेबलावर येतं. मुंबईत महापौर नामधारी, आयुक्त सरकारने नेमलेला, वर मंत्रालय आणि शेजारी एमएमआरडीए. ही चारही माणसं एकात मिसळली तर जकार्ताच्या गव्हर्नरच्या ताकदीचा अंदाज येतो.

ते कसले इंजिनिअर? आणि धंदा कशाचा?

भूगर्भशास्त्राचे. जकार्ताच्या त्रिसक्ती विद्यापीठात (हाही शब्द ओळखीचा, त्रिशक्ती) त्यांनी खनिज तंत्रज्ञानाच्या विद्याशाखेत शिक्षण घेतलं. इंडोनेशियात इंजिनिअर लोक नावापुढे 'इर' लावतात, 'इन्सिन्यूर'चं ते लघुरूप. निवडणुकीच्या कागदांवर त्यांचंही नाव तसंच यायचं.

हा विषय त्यांनी निवडला त्यात बेटाचा वाटा असणारच. बेलितुंग म्हणजे कथिल. डच लोकांनी 1860 साली या बेटाच्या नावाने कंपनी काढली, बिलिटन. बीएचपी या जगप्रसिद्ध खाण कंपनीचं नाव 2018 पर्यंत बीएचपी बिलिटन होतं, त्यातलं 'बिलिटन' तेच. खाणीत राबायला दक्षिण चीनमधून हक्का मजूर आणले गेले आणि ते तिथेच रुजले. 1985 मध्ये कथिलाचा जागतिक भाव कोसळला. ज्या बेटाची चूल कथिलावर पेटायची तिथे पुढच्या काही वर्षांत हजारोंची नोकरी गेली. पदवी घेऊन आहोक गावी परतले ते या काळात.

1989 साली त्यांनी 'पांडा' नावाची छोटी कंत्राटी फर्म काढली आणि सरकारी कथिल कंपनीची कामं घ्यायला सुरुवात केली. लवकरच लक्षात आलं की गडी कष्टाळू असून भागत नाही, पैशाचं गणित यायला हवं. मग जकार्तात प्रासेत्या मुल्या या संस्थेत व्यवस्थापनाची पदव्युत्तर पदवी घेतली. त्यानंतर एका वीजक्षेत्रातल्या कंपनीत प्रकल्पांच्या खर्चाचं विश्लेषण करायची नोकरी केली. माझ्या मते पुढच्या सगळ्या कारकिर्दीचं बीज या नोकरीत आहे. एखाद्या कामाचा दर कागदावर एवढा का लिहिलाय आणि प्रत्यक्षात तो किती असायला हवा, हे ओळीओळीने तपासायची सवय तिथे लागली.

1992 मध्ये स्वतःची कंपनी उभी केली आणि मांगारजवळच्या बुरुंग मांदी वस्तीत क्वार्ट्झ वाळूवर प्रक्रिया करणारा कारखाना काढायचं ठरवलं. अशी चाळलेली, ठरावीक जाडीची वाळू तेलविहिरींत गाळणीसारखी भरतात. बेटावर वाळू अमाप, त्यामुळे कल्पना पक्की होती. पण 1995 च्या सुमाराला कारखाना बंद पडला. अधिकाऱ्यांच्या मनमानीमुळे, असं ते स्वतः सांगतात.

मग देश सोडून जायच्याऐवजी राजकारण का?

जायचा विचार त्यांनी केला होता. वडिलांनी अडवलं. ही हकीकत आहोक यांनी अनेकदा सांगितली आहे आणि ती मला फार आवडते, कारण तिच्यात भाषणबाजी नाही, साधं गणित आहे. समज, तुझ्याकडे एक अब्ज रुपिया (इंडोनेशियाचं चलन) आहेत आणि ते गरिबांना वाटायचेत. एका माणसाला पाच लाख दिले तर दोन हजार माणसांपर्यंत पोचशील आणि थैली रिकामी होईल. त्याऐवजी जिल्ह्याच्या अंदाजपत्रकावर तुझा हात असेल, तर कितीतरी पट पैसा दरवर्षी लोकांपर्यंत पोचवता येईल. गरिबाने श्रीमंताशी भांडू नये आणि श्रीमंताने अधिकाऱ्याशी भांडू नये, अशी जुनी म्हण ते सांगत. तिचा अर्थ त्यांनी असा लावला की मग आपणच अधिकारी व्हायचं.

एका मुस्लिमबहुल जिल्ह्यात चिनी ख्रिश्चन माणूस निवडून आला कसा?

2004 साली ते एका लहानशा नव्या पक्षातर्फे पूर्व बेलितुंगच्या जिल्हा विधिमंडळात गेले. पक्षाचे प्रमुख होते अर्थतज्ज्ञ शाहरीर. पूर्व बेलितुंग हा जिल्हाच मुळी 2003 साली नवा झालेला. पुढच्याच वर्षी थेट निवडणुका आल्या आणि आहोक बुपातीपदासाठी उभे राहिले. त्यांना 37.13 टक्के मतं मिळाली. उरलेली मतं इतरांत फुटली, म्हणजे हा एकहाती विजय नव्हता. तरीही हा भाग इस्लामी पक्षाचा बालेकिल्ला मानला जायचा, हे लक्षात घेतलं तर आकडा लहान नाही.

त्यांनी जिंकण्यासाठी टी-शर्ट आणि तांदूळ वाटले नाहीत. आपला मोबाइल नंबर लोकांना दिला. पद मिळाल्यावरही तोच नंबर चालू ठेवला आणि येणाऱ्या तक्रारींना स्वतः उत्तरं दिली. सरकारी बांधकामांच्या खर्चाला कात्री लावून उरलेला पैसा मोफत आरोग्यसेवा आणि शालेय शिक्षणाकडे वळवला. कंत्राटदाराला कंत्राटदाराची चलाखी कळते. सिमेंटच्या पोत्यात किती मुरतं हे त्यांना कुणी शिकवावं लागलं नाही.

पण सोळा-सतरा महिन्यांत त्यांनी राजीनामा दिला आणि 2007 ची बांका-बेलितुंग प्रांताची गव्हर्नरपदाची निवडणूक लढवली. प्रचाराला माजी राष्ट्राध्यक्ष अब्दुर्रहमान वाहिद स्वतः आले होते. जगातल्या सर्वांत मोठ्या मुस्लिम संघटनांपैकी एकीचे ते अनेक वर्षं प्रमुख होते. तरी आहोक हरले. ज्या जिल्ह्याने विश्वास टाकला त्याला दीड वर्षातच सोडून जाणं मला आजही खटकतं.

त्यांनी इतके पक्ष का बदलले?

यादीच पाहा: 2004 ला तो लहान पक्ष, 2009 ला गोलकर पक्षातून राष्ट्रीय संसदेत, 2012 ला गेरिंद्रा, 2014 ते 2019 कोणताच नाही, आणि 2019 पासून पीडीआयपी. टीकाकार याला संधिसाधूपणा म्हणतात आणि त्यात तथ्य आहे. इंडोनेशियात पक्षाची शिडी लागतेच, आणि प्रत्येक वेळी जी मिळाली ती त्यांनी वापरली.

एक पक्षांतर मात्र वेगळं होतं. सप्टेंबर 2014 मध्ये बुपाती आणि गव्हर्नर यांची थेट निवडणूक रद्द करून ती पुन्हा विधिमंडळांकडे द्यायचा कायदा संसदेत आला. गेरिंद्राने पाठिंबा दिला. आहोक तेव्हा त्याच पक्षातर्फे जकार्ताचे उपगव्हर्नर होते. थेट निवडणूक नसती तर माझ्यासारखा माणूस कधीच बुपाती झाला नसता, ही त्यांची भूमिका होती आणि त्यांनी पक्ष सोडला. त्या वेळी त्यांना त्यातून काही मिळणार नव्हतं.

जकार्तात ते कसे पोचले?

2012 मध्ये जोको विडोडो (जोकोवी) यांच्या जोडीने: ते गव्हर्नरपदाचे उमेदवार, आहोक उपगव्हर्नरपदाचे. जोकोवी हे वनशास्त्राचे पदवीधर, फर्निचरचे व्यापारी आणि सोलो शहराचे लोकप्रिय महापौर. म्हणजे दोघंही धंद्यातून आलेले आणि दोघंही जकार्तात उपरे. चौकटीचे शर्ट घालून त्यांनी प्रचार केला आणि 20 सप्टेंबर 2012 च्या दुसऱ्या फेरीत विद्यमान गव्हर्नर फौझी बोवो यांना 53.82 टक्के मतं मिळवून हरवलं.

कामाची वाटणी स्वभावाप्रमाणे झाली. जोकोवी गल्लीबोळांत फिरायचे, आहोक कचेरीत बसून फायली उघडायचे. आणि त्या बैठकांचे व्हिडिओ शहर सरकार यूट्यूबवर टाकायचं, हे तिथे पहिल्यांदाच घडत होतं. 8 नोव्हेंबर 2012 चा सार्वजनिक बांधकाम खात्याच्या बैठकीचा व्हिडिओ जरूर पाहावा, भाषा कळली नाही तरी चालेल. लांबलचक टेबल, खात्याचे वरिष्ठ अधिकारी फायली घेऊन बसलेले. आहोक सांगतात, दर 25 टक्क्यांनी खाली आणा. अधिकारी एकमेकांकडे बघतात. ज्याला जमणार नाही त्याने आत्ताच सांगावं, असं ते सुनावतात. खोलीत कुणी हूं की चूं करत नाही. लाखो लोकांनी तो व्हिडिओ पाहिला. सरकारी बैठकीत काय बोलतात हे सामान्य माणसाला पहिल्यांदा दिसलं.

जोकोवी राष्ट्राध्यक्ष झाल्यावर 19 नोव्हेंबर 2014 रोजी आहोक यांनी गव्हर्नरपदाची शपथ घेतली. जकार्ताचे ते पहिले चिनी वंशाचे गव्हर्नर. साठच्या दशकातल्या हेंक न्गांतुंग यांच्यानंतरचे दुसरे बिगरमुस्लिम.

2015 चा अंदाजपत्रकाचा तंटा नेमका काय होता?

माझ्या मते त्यांच्या कारकिर्दीचं खरं शिखर हेच, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

जकार्ताच्या विधिमंडळात मंजूर झालेल्या अंदाजपत्रकात सदस्य आपापल्या ओळी घुसवायचे, हे उघड गुपित होतं. कुणी घातली, कशासाठी घातली, पत्ता लागायचा नाही. लोक या रकमांना 'दाना सिलुमान' म्हणतात. सिलुमान म्हणजे रूप पालटणारं भूत, आणि दाना म्हणजे निधी. 'भुताचा निधी' म्हणायला हरकत नाही. आहोक यांनी इ-बजेटिंग आणलं. प्रत्येक ओळ संगणकात आणि ती कुणी भरली याची नोंद पासवर्डसकट. नंतर गुपचूप भर घालायची सोयच उरली नाही.

2015 च्या अंदाजपत्रकावर विधिमंडळाची प्रत आणि प्रशासनाची प्रत जुळेनात. आहोक म्हणाले, विधिमंडळाच्या प्रतीत 12.1 लाख कोटी रुपियांच्या भुताच्या ओळी आहेत. त्या वेळच्या दराने आपले सहा हजार कोटींच्या आसपास. त्यांनी केंद्रीय गृह खात्याकडे स्वतःची प्रत पाठवली आणि कागद घेऊन भ्रष्टाचारविरोधी आयोगाकडे गेले. विधिमंडळाने त्यांच्याविरुद्ध चौकशीचा ठराव केला.

या भांडणात एक वस्तू घराघरात पोचली, ती म्हणजे यूपीएस. वीज गेली की संगणक चालू ठेवणारी बॅटरी, आपल्याकडे सायबर कॅफेत असायची तीच. आदल्या वर्षीच्या अंदाजपत्रकात शाळांसाठी एकेका यूपीएसला सुमारे 580 कोटी रुपिया, म्हणजे त्या वेळचे पावणेतीन कोटी रुपये लावलेले निघाले. ज्या शाळेत छत गळतं तिथे पावणेतीन कोटींचा यूपीएस! या प्रकरणात पुढे शिक्षण खात्याच्या अधिकाऱ्याला शिक्षा झाली. आणि नव्या आराखड्यातल्या अशाच ओळी खोडताना आहोक यांनी मार्करने त्यावर 'पमाहामान नेनेक लू' असं लिहिलं. पमाहामान म्हणजे आकलन, त्या ओळींमधला सरकारी शब्द. 'तुझ्या आजीचं आकलन' असा त्याचा शब्दशः अर्थ. कागदाचा फोटो सगळीकडे फिरला. लोकांना आवडलं, विधिमंडळाला झोंबलं.

शेवटी तडजोड झालीच नाही. गव्हर्नरच्या अधिकारात, आदल्या वर्षीच्या मर्यादेत, 69.28 लाख कोटी रुपियांचं अंदाजपत्रक लागू झालं. मुंबई महापालिकेचं त्या वर्षीचं अंदाजपत्रकही साधारण तेवढ्याच आकाराचं होतं. त्या आकाराच्या वहीतली प्रत्येक ओळ तपासायला बसलेला माणूस, एवढी कल्पना केली तरी पुरे.

लोकांसाठी प्रत्यक्षात काय बदललं?

नाले आणि नद्या स्वच्छ झाल्या हे विरोधकही मान्य करतात. 2015 पासून प्रत्येक वॉर्डात नारिंगी कपड्यांतले कामगार दिसू लागले. लोक त्यांना 'पासुकान ओरान्ये', म्हणजे नारिंगी पलटण म्हणत. झाडणं, तुंबलेली गटारं मोकळी करणं, खड्डे बुजवणं ही त्यांची कामं, आणि पगार प्रांताच्या किमान वेतनाइतका. गरीब विद्यार्थ्यांसाठीचं कार्ड जोकोवींच्या वेळीच आलं होतं, आहोक यांनी त्यातून रोख काढण्यावर बंधनं आणली, जेणेकरून पैसा गणवेश आणि वह्यांवरच जावा. वस्त्यांमध्ये मुलांसाठी खेळायच्या जागा झाल्या. वरिष्ठ पदं खुल्या स्पर्धेने भरायची पद्धत आली. आणि रोज सकाळी सिटी हॉलच्या ओसरीवर रांग लागायची. हातात कागद घेतलेल्या बायका, म्हातारे, फ्लॅटच्या बिल्डरने फसवलेली माणसं. गव्हर्नर कामावर येताना तिथे थांबून एकेकाचं ऐकायचे.

आणि ज्यांची घरं पाडली त्यांचं काय?

या प्रश्नाला बगल देऊन आहोक यांच्याबद्दल बोलणं अप्रामाणिक होईल.

पुराचं कारण सांगत नदीकाठच्या वस्त्या हटवल्या गेल्या. ऑगस्ट 2015 मध्ये चिलिवुंग नदीकाठचा कांपुंग पुलो, एप्रिल 2016 मध्ये उत्तरेकडे समुद्राकाठची पासार इकान, सप्टेंबर 2016 मध्ये बुकित दुरी. कांपुंग पुलोच्या लोकांना जवळच उंच इमारतींत भाड्याची घरं मिळाली, दिवसाला 10 हजार रुपिया, म्हणजे आपले पन्नासेक रुपये देखभाल खर्च. कोरडं घर, नळाला पाणी, लिफ्ट. ऐकायला उत्तम. पण ज्याचं खालच्या खोलीत दुकान आणि वर संसार होता, त्याचं दुकान गेलं. जे पिढ्यान्‌पिढ्या त्या जागेचे मालक म्हणवत होते ते भाडेकरू झाले. पासार इकानच्या कोळ्यांना समुद्रापासून दूरच्या इमारतींत पाठवलं. नाव किनाऱ्याला आणि माणूस कितीतरी किलोमीटर आत, असा तो न्याय. कित्येकांनी ढिगाऱ्यावर ताडपत्री टाकून राहणं पत्करलं.

पोलीस आणि सैनिक उभे करून बुलडोझर चालवले गेले. बुकित दुरीच्या रहिवाशांनी कोर्टात दाद मागितली आणि 2017 साली कोर्टाने भरपाई देण्याचा निकाल दिला. हे लोक 2012 ला चौकटीचा शर्ट घालून प्रचार करणाऱ्यांचेच मतदार होते, त्यांना तेव्हा वस्ती न पाडण्याची आश्वासनं मिळाली होती. खर्चाच्या कागदावर अचूक ओळ ओढणारा हा माणूस नकाशावरही तशीच ओळ ओढत गेला. मला त्यांच्याबद्दल कितीही आदर असला तरी इथे ते चुकले, असंच मी म्हणेन.

त्यांच्यावर भ्रष्टाचाराचे आरोप झाले होते ना?

दोन मोठे. सुंबर वारस रुग्णालयाची जमीन शहराने जास्त दराने घेतली आणि 191 अब्ज रुपियांचं नुकसान झालं, असं लेखापरीक्षकांनी म्हटलं. जून 2016 मध्ये भ्रष्टाचारविरोधी आयोगाने गुन्हा आढळला नाही असं सांगितलं.

दुसरा विषय जकार्ताच्या उपसागरात भराव टाकून 17 बेटं उभारायच्या योजनेचा. योजना 1995 ची, सुहार्तोंच्या काळातली. आहोक यांचं म्हणणं, बिल्डरांकडून 15 टक्के जादा वाटा घेऊन त्यातून शहराची कामं करू. विधिमंडळातल्या एका सदस्याला याच नियमांवरून बिल्डरकडून लाच घेताना 2016 मध्ये पकडलं गेलं. आहोक यांच्यावर गुन्हा दाखल झाला नाही. पण मुआरा आंके इथल्या मच्छीमारांना समुद्र बुजवला जात होता याचंच दुःख होतं, वाटा किती टक्के याचं नाही. पुढच्या गव्हर्नरांनी 2018 मध्ये 13 बेटांचे परवाने रद्द केले.

धर्मनिंदेचं प्रकरण नेमकं काय होतं?

27 सप्टेंबर 2016. जकार्ताच्या उत्तरेला समुद्रात पुलाऊ सेरिबू, म्हणजे हजार बेटं आहेत. त्यातल्या प्रामुका बेटावर कोळी कुटुंबांसाठी केरापू माशाच्या संगोपनाची योजना सुरू करायला आहोक गेले होते. केरापू म्हणजे आपल्या हेकरूच्या जातीचा महागडा मासा. निवडणूक पाच महिन्यांवर होती. लोकांना भीती होती की गव्हर्नर बदलला की योजना बंद. त्यांना धीर देताना आहोक बोलून गेले की, मला मत द्यायचं नसेल तर देऊ नका, अल-माइदा सुऱ्यातली (कुराणाच्या एका अध्यायातली) 51 वी आयत वापरून तुम्हाला कुणी फसवत असेल तरी तुमच्या मनाप्रमाणे करा, योजना थांबणार नाही.

ती आयत बिगरमुस्लिमांना नेता करू नये या अर्थाने प्रचारात वापरली जायची. बेलितुंगपासून आहोक यांच्याविरुद्ध ती वापरली गेली होती. समोर बसलेल्या लोकांनी त्या दिवशी काहीच हरकत घेतली नाही. नऊ दिवसांनी एका माणसाने फेसबुकवर त्या भाषणाच्या व्हिडिओतला तुकडा टाकला आणि सोबत लिहिलेल्या मजकुरात एक शब्द नव्हता, 'पाकै', म्हणजे 'वापरून'. 'आयत वापरून फसवतात' याचं 'आयत फसवते' झालं. एवढ्या एका शब्दाने देश पेटला.

त्यानंतर सगळं वेगाने घडलं. उलेमांच्या परिषदेने निषेधाचं मत दिलं. 4 नोव्हेंबर आणि 2 डिसेंबरला जकार्तात प्रचंड मोर्चे निघाले. दुसऱ्यात लाखो लोक राष्ट्रीय स्मारकाच्या मैदानावर पावसात नमाजाला उभे होते आणि राष्ट्राध्यक्ष जोकोवी स्वतः छत्री घेऊन तिथे चालत गेले. आहोक यांनी जाहीर माफी मागितली, पण उपयोग झाला नाही. 13 डिसेंबरला खटला सुरू झाला. सरकारी वकिलांनी सौम्य कलम लावून एक वर्षाची, तीही परिवीक्षेवरची, म्हणजे लगेच तुरुंगात न जाता भोगायची शिक्षा मागितली होती. 9 मे 2017 रोजी न्यायाधीशांनी त्याहून कडक, 1965 च्या फर्मानाने दंडसंहितेत आलेलं कलम 156अ लावून दोन वर्षांचा तुरुंगवास दिला आणि त्याच दिवशी त्यांना आत नेलं. वकिलाने मागितली त्यापेक्षा जास्त शिक्षा देणं हेच मुळात विरळा. माझं स्पष्ट मत आहे की हा निकाल अन्यायाचा होता. फेसबुकवर मजकूर टाकणाऱ्यालाही नोव्हेंबर 2017 मध्ये दीड वर्षाची शिक्षा झाली.

निवडणूक या प्रकरणामुळेच हरले का?

मोठ्या प्रमाणात, पण फक्त त्यामुळे नाही. 15 फेब्रुवारी 2017 च्या पहिल्या फेरीत खटला चालू असतानाही ते 42.99 टक्के मतं घेऊन पहिले आले. 19 एप्रिलच्या दुसऱ्या फेरीत प्रतिस्पर्धी अनीस बास्वेदान 57.96 टक्के मतं घेऊन जिंकले, आहोक 42.04 वर थांबले. म्हणजे बाद झालेल्या तिसऱ्या उमेदवाराची जवळजवळ सगळी मतं विरोधात गेली. कामावर समाधानी असलेले लोक बहुसंख्य आहेत असं मतचाचण्या सांगत होत्या, तरी त्यातल्या कितीतरींनी मत दुसऱ्याला दिलं. काही मशिदींवर तर त्यांना मत देणाऱ्याच्या मयतीची नमाज पढणार नाही, असे फलक लागले होते. पण ज्यांची घरं पाडली होती त्या वस्त्यांतही ते वाईट हरले, आणि तिथे कारण शोधायला धर्मापर्यंत जायची गरज नाही. त्यांची जीभ हेही कारण होतंच. समोरच्याला चारचौघांत झापण्याची सवय बैठकीतल्या भ्रष्ट अधिकाऱ्यापुरती राहिली नाही, दाद मागायला आलेल्या गरीब बाईवरही ते कधीकधी तसेच घसरायचे.

हरल्यावर सिटी हॉलसमोर फुलांचे फलक यायला लागले. इंडोनेशियात लग्नाला, दुकानाच्या उद्घाटनाला माणसाहून उंच फुलांचा फलक पाठवायची पद्धत आहे. तसे हजारो फलक रस्त्याच्या कडेला, मैदानाच्या कुंपणाला लागून उभे राहिले.

तुरुंगानंतर काय?

अपील त्यांनी स्वतःच मागे घेतलं. देपोक इथल्या पोलिसांच्या विशेष दलाच्या कोठडीत शिक्षा भोगून 24 जानेवारी 2019 रोजी ते सुटले. आता मला आहोक नव्हे, बेटेपे (नावाची आद्याक्षरं) म्हणा, असं त्यांनी कळवलं, पण लोकांच्या तोंडी जुनंच नाव राहिलं. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये ते सरकारी तेल कंपनी पर्तामिनाचे मुख्य आयुक्त, म्हणजे देखरेख मंडळाचे अध्यक्ष झाले. फेब्रुवारी 2024 मध्ये राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीत पक्षाच्या उमेदवाराचा प्रचार करता यावा म्हणून त्यांनी ते पद सोडलं.

त्यांनी केलेलं आज जकार्तात कुठे बघता येईल?

कालिजोदोला जा. तिथे जुनी वेश्यावस्ती आणि जुगाराचे अड्डे होते, 29 फेब्रुवारी 2016 रोजी पाडले, आता मुलं स्केटबोर्ड खेळतात. तिथल्या बायकांचं पुढे काय झालं, हा प्रश्नही तिथे उभं राहून मनात यायलाच हवा.

आणि सेमांगी चौक. शहराच्या मध्यावर वाहतुकीची गाठ बसायची, तिथे आता दोन वळणदार उड्डाणपूल आहेत. सरकारी तिजोरीतून पैसा न काढता ते बांधले गेले. एका बिल्डरला परवानगीपेक्षा उंच इमारत हवी होती, त्याच्या बदल्यात त्याने भरायच्या रकमेतून शहराने पूल बांधून घेतला. आपल्याकडे जादा एफएसआयच्या प्रीमियमचं काय होतं ते आठवून पाहावं. 2016 च्या एप्रिलमध्ये आहोक यांनी काम सुरू करून दिलं. 17 ऑगस्ट 2017 ला, इंडोनेशियाच्या स्वातंत्र्यदिनी, जोकोवींनी त्याचं उद्घाटन केलं. आहोक त्या दिवशी देपोकच्या कोठडीत होते.